सप्टेंबर कुणाचा?

कॅनडात बहुतेक शाळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर उघडतात. तो सोमवार कामगार दिनाच्या सुट्टीचा. दुसऱ्या दिवसापासून पिवळ्या बसगाड्या रस्त्यावर येतात. आपल्याकडे शाळा म्हटली की पाऊस, छत्री आणि कोऱ्या वह्यांचा वास आठवतो. तिकडे शाळा म्हटली की पानगळ. नोव्हा स्कोशिया प्रांताच्या ईशान्य टोकाला केप ब्रेटन नावाचं बेट आहे. त्याच्या पोटात ब्रा दोर नावाचं, समुद्राशी जोडलेलं निमखाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर आहे आणि त्याच्या काठावर एस्कसोनी हे गाव वसलं आहे. वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. शहरी वाचकाला हा आकडा एखाद्या वॉर्डापेक्षाही छोटा वाटेल, पण मिकमाक या आदिवासी लोकांचं जगातलं सर्वांत मोठं गाव हेच. पुढच्या पानांवर ज्या शाळा भेटतील त्यांतल्या बऱ्याचशा या गावातल्या, नाहीतर बेटावरच्याच वेकोकमा, वॅगमॅटकुक, पोटलोटेक या वस्त्यांमधल्या आहेत.

शाळांविषयीच्या लेखनाला प्रस्तावना लिहायची तर सुरुवात इमारतीपासून करता येते, शिक्षकांपासून करता येते, निकालांपासूनही करता येते. मी ऋतूपासून केली, कारण या लोकांच्या बाबतीत ऋतू आणि शाळा यांचं वैर होतं, आणि ते वैर मिटवण्याची खटपट हाच या सगळ्या कहाणीचा गाभा आहे. मिकमाक घरांमध्ये दोन-तीन पिढ्या सप्टेंबर हा मुलं उचलून नेणारा महिना होता. वाम मासे धरण्याची, मूसच्या शिकारीची, हिवाळ्याची बेगमी करण्याची नेमकी वेळ ती. मुलांनी आजोबांच्या मागे जंगलात आणि पाण्यात हिंडायचं ते याच दिवसांत. आणि याच दिवसांत मुलं घरात नसत.

आधी ओळख. आजचा नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड बेट, न्यू ब्रन्सविकचा मोठा भाग, क्वेबेकमधलं गॅस्पे द्वीपकल्प आणि न्यूफाउंडलंड एवढ्या पसाऱ्याला मिकमाक लोक 'मिकमाकी' म्हणतात. केप ब्रेटन हा त्यातला उनामाकी जिल्हा. अटलांटिक किनाऱ्यावर राहणाऱ्या या लोकांशी युरोपीयांची गाठ फार लवकर पडली. मेंबर्टू या त्यांच्या प्रमुखाने १६१० मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून वीस वर्षं होती. आजही बहुसंख्य मिकमाक कॅथलिक आहेत. पुढे एका कॅथलिक शाळेविषयी जे येणार आहे ते वाचताना हे ध्यानात असू द्यावं. गोष्ट धर्म विरुद्ध परंपरा इतकी सरळ नाही.

अठराव्या शतकात ब्रिटिश राजसत्तेशी त्यांनी शांतता आणि मैत्रीचे एकामागून एक तह केले. १७२५, १७५२, १७६०–६१ ही त्यांतली वारंवार उल्लेखली जाणारी सालं. या तहांचं एक वैशिष्ट्य आहे. पश्चिमेकडच्या आदिवासींशी पुढे झालेल्या करारांत जमीन सोडून दिल्याची कलमं आहेत. मिकमाकांच्या तहांत ती नाहीत. त्यांनी व्यापार, शिकार, मासेमारी आणि सलोखा यांविषयी बोलणी केली, जमीन दिली नाही. १७५२ च्या तहात दर वर्षी १ ऑक्टोबरला भेटून मैत्री नवी करायची असं ठरलं होतं. १९८६ मध्ये ग्रँड चीफ डोनाल्ड मार्शल सीनिअर यांनी त्याच तारखेला 'तह दिन' जाहीर केला आणि तेव्हापासून तो साजरा होतो. १९९३ पासून अख्खा ऑक्टोबर मिकमाक इतिहासाचा महिना मानला जातो. म्हणजे इथल्या शाळेत पानगळीबरोबर कायद्याचा तासही सुरू होतो, आणि तो कंटाळवाणा नसतो. त्याचं कारण वाम माशाच्या गोष्टीत येईल.

आता शाळेकडे. शुबेनॅकडी हे नोव्हा स्कोशियाच्या मुख्य भूमीवरचं गाव. तिथे टेकडीवर, रस्त्यावरून आणि आगगाडीतून सहज दिसावी अशी, आदिवासी मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळेची विटांची इमारत उभी राहिली. ही शाळा १९३० ते १९६७ चालली. कॅनडाच्या सागरी प्रांतांतली अशी ही एकमेव शाळा. पैसा सरकारचा, कारभार कॅथलिक चर्चचा, शिकवायला जोगिणी. हजाराहून अधिक मुलं तिथून गेली. १९२० च्या कायद्याने सरकारला आदिवासी मुलांवर शाळेची सक्ती करता येत होती आणि मूल न पाठवणाऱ्या आईबापांना कायद्याचा धाक होता. आपली भाषा बोललं की मार. इझाबेल नॉकवुड या तिथल्याच विद्यार्थिनीने १९९२ मध्ये स्वतःच्या आणि सोबतच्या मुलांच्या आठवणी पुस्तकरूपाने छापल्या, तेव्हा बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा उघड झाल्या. त्याहून भयंकर बाब आणखी वीस वर्षांनी समोर आली. १९४८ ते १९५२ या काळात सरकारी आहारतज्ज्ञांनी देशातल्या सहा निवासी शाळांतल्या अर्धपोटी मुलांवर पोषणाचे प्रयोग केले होते. इयान मॉस्बी या इतिहासकाराने २०१३ मध्ये त्याची कागदपत्रं मांडली. त्या सहांमध्ये शुबेनॅकडी होती. उपाशी मुलांना पोटभर जेवू घालण्याऐवजी उपाशी मुलांचा 'नमुना' म्हणून उपयोग केला गेला. रिकामी इमारत १९८६ मध्ये जळाली. त्या जागी पुढे प्लॅस्टिकचा कारखाना आला.

मिकमाक कवयित्री रीटा जो यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. १९३२ मध्ये वेकोकमात जन्म, पाचव्या वर्षी आई गेली, मग या घरातून त्या घरात. बारा वर्षांच्या असताना त्यांनी स्वतःच सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज केला की मला शुबेनॅकडीच्या शाळेत घ्या. परक्या घरांतली मारझोड आणि दारू यांपेक्षा ती शाळा बरी, असं एका पोरक्या मुलीला वाटलं. तिथे त्यांना शिक्षण मिळालं आणि बोलणं हरवलं. पुढे एस्कसोनीत संसार, मुलं, आणि चाळिशीच्या पुढेमागे कविता. हरवलेल्या बोलण्याविषयीची त्यांची छोटी कविता आज कॅनडाभर शाळांत शिकवली जाते. रीटाबाईंचा राग संयमी होता आणि तो संयम काही तरुण मिकमाकांना खुपतो, हेही खरं. पण निवासी शाळेविषयी वाचताना 'सगळी मुलं ओढून नेली' एवढंच चित्र डोक्यात बसतं. त्या चित्रात हा अर्जही ठेवावा. गावात इतकी दैना कशाने झाली होती, हा प्रश्न त्यातून निघतो.

त्याचं एक उत्तर एस्कसोनीच्याच वस्तीत आहे. हे गाव मोठं झालं ते आपोआप नाही. १९४० च्या दशकात सरकारने ठरवलं की नोव्हा स्कोशियातल्या विखुरलेल्या मिकमाक वस्त्या मोडून सगळ्यांना एस्कसोनी आणि शुबेनॅकडी या दोन ठिकाणी आणायचं. कारभार स्वस्त पडतो हे कारण. घरं आणि कामधंदा देऊ, असं सांगितलं गेलं. लोक आले, घरं अपुरी आणि कामं त्याहून अपुरी निघाली. मागे राहिलेल्या शेतीवाडीचं, बागांचं, मासेमारीच्या जागांचं वाटोळं झालं. सगळे हलले नाहीत, आणि काही वर्षांत योजना गुंडाळली गेली. पण सरोवराकाठचं हे गाव त्या योजनेचा ठसा घेऊनच वाढलं.

३० सप्टेंबरच्या सुमारास आज कॅनडाभर मुलं नारिंगी शर्ट घालून शाळेत येतात. ही प्रथा देशाच्या दुसऱ्या टोकाकडून, ब्रिटिश कोलंबियातून आली. फिलिस वेबस्टॅड यांना १९७३ मध्ये, सहा वर्षांच्या असताना, आजीने घेतलेला नवा नारिंगी शर्ट निवासी शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला गेला. तो परत मिळाला नाही. २०१३ पासून हा दिवस पाळायला सुरुवात झाली, २०२१ पासून ती केंद्र सरकारची सुट्टी झाली. तारीख सप्टेंबरची का, तर मुलं न्यायचा महिना तो. मला विचाराल तर या दिवसाचं थोडं 'प्रदर्शन' झालं आहे. दुकानांत नारिंगी शर्टांचे ढीग लागतात, मंत्री शर्ट घालून फोटो काढतात. पण मिकमाक शाळेत त्या शर्टाचा अर्थ वेगळा असतो. तिथे वर्गातल्या मुलाची आजी शुबेनॅकडीच्या शाळेत गेलेली असू शकते, आणि ती आजी त्याच दुपारी वर्गात येऊन बसू शकते.

एवढं मागचं. आता ज्या गोष्टीमुळे या शाळांविषयी लिहावंसं वाटतं ती. १९९७ मध्ये नोव्हा स्कोशियातल्या नऊ मिकमाक वस्त्यांनी केंद्र आणि प्रांत सरकारशी करार केला आणि १९९८ मध्ये कॅनडाच्या संसदेने मिकमाक शिक्षण कायदा केला. गावातल्या शाळांचा कारभार गावाकडे आला. पैसा ओटावाहून येतो, पण अभ्यासक्रम, नेमणुका, वेळापत्रक आणि सुट्ट्या गाव ठरवतं. अट एवढीच, की इथला विद्यार्थी उद्या प्रांताच्या दुसऱ्या शाळेत किंवा विद्यापीठात गेला तर अडू नये. या गावांनी मिळून चालवलेल्या शिक्षण संस्थेचं नाव मिकमॉ किनामत्नवे. आज बारा वस्त्या तिच्यात आहेत. गेल्या दशकभरात तिच्या शाळांतून बारावी पार करणाऱ्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे. कॅनडातल्या इतर आदिवासी वस्त्यांमधलं हेच प्रमाण बराच काळ निम्म्याच्याही खाली होतं. आकड्यांनी हुरळून जाऊ नये हे मान्य. पण शाळा गावाच्या हाती दिली तर मुलं मागे पडतील, ही भीती दीडशे वर्षं ज्यांनी घातली त्यांच्यासमोर हा आकडा ठेवायला हरकत नाही.

वर्गात काय चालतं? मला सर्वांत आवडणारं उदाहरण गणिताचं आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. साळिंदराचे काटे रंगवून भूर्जाच्या सालीवर नक्षी काढायची आणि त्या सालीचे डबे करायचे, ही मिकमाक बायकांची जुनी कला. हे डबे युरोपीय गिऱ्हाइकांनी शतकानुशतकं विकत घेतले. आज जगभरच्या संग्रहालयांत ते दिसतात. डबा गोल असेल तर कडेला बसवायची पट्टी किती लांबीची कापायची? लीसा लनी बॉर्डन यांनी वेकोकमाच्या शाळेत अनेक वर्षं गणित शिकवलं आणि पुढे त्या विद्यापीठात गेल्या. एका जाणत्या कारागीर बाईने सांगितलेली रीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे: तोंडाच्या रुंदीच्या तीनपट, आणि वर एक अंगठा.

स्वयंपाकघरातला पंधरा सेंटिमीटर रुंदीचा डबा घ्या. तीनपट म्हणजे पंचेचाळीस. पुस्तकी सूत्राने घेर निघतो सत्तेचाळीस पूर्णांक एक. फरक दोन सेंटिमीटरचा, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याची रुंदी. पट्टी बरोबर बसते. आता तीस सेंटिमीटरचं पातेलं घ्या. तीनपट नव्वद, घेर चौऱ्याण्णवच्या थोडा पुढे. इथे एक अंगठा पुरत नाही, दोन लागतात. आणि आठ सेंटिमीटरची डबी असेल तर अंगठ्याचा थोडा भाग वर उरतो. बाईंच्या हातचे डबे साधारण ज्या आकाराचे, त्या आकाराला तिचा अंगठा चोख आहे. वर्गातल्या मुलाने डबा मोठा केला की अंगठे किती वाढवायचे, हा प्रश्न त्याला स्वतःलाच पडतो. आणि तो पडला की गुणोत्तर शिकवायला फळ्यावर वर्तुळ काढण्याची गरज उरत नाही. यातूनच २००७ च्या सुमारास एक उपक्रम सुरू झाला. मुलांनी आपल्या घरात, गावात, जुन्या जाणत्यांच्या हातात गणित शोधायचं आणि जत्रेत ते मांडायचं. कुणी टोपली आणतो, कुणी मण्यांचं काम, कुणी तंबूचे खांब. त्यातलं काही बाळबोध असतं, काही थक्क करणारं. शाळेचे प्रकल्प सगळीकडे असेच असतात.

दुसरं उदाहरण आकाशाचं. इथे मराठी वाचकाचा थेट संबंध येतो, कारण तारे तेच आहेत. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो त्यांतले चौकोनाचे चार तारे म्हणजे मिकमाकांची अस्वलीण. तिच्या मागावर सात शिकारी पक्षी. पहिला रॉबिन, म्हणजे आपला अंगिरा. दुसरा चिकडी हा चिमुकला पक्षी, म्हणजे वसिष्ठ. तिसरा राखाडी जे, म्हणजे मरीची. उरलेले चार पलीकडे भूतप तारकासमूहाच्या बाजूला. आपल्या लग्नांत वर-वधूला जी अरुंधती दाखवतात ती वसिष्ठाशेजारची मंद चांदणी म्हणजे चिकडीने पाठीवर घेतलेलं भांडं. अस्वलीण मारली की मांस शिजवायला हवं ना!

वसंतात अस्वलीण उत्तर-मुकुट या तारकासमूहाच्या गुहेतून बाहेर पडते. उन्हाळाभर ती उत्तरेच्या आकाशात पळते, पक्षी मागे. पानगळ जवळ आली की मागचे चार शिकारी एकेक करून क्षितिजाखाली जातात, म्हणजे पाठलाग सोडतात. राहतात तिघे. ऑक्टोबरच्या मध्यावर दमलेली अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहते आणि रॉबिन बाण सोडतो. भुकेला रॉबिन तिच्या अंगावर पडतो, रक्ताने माखतो, मेपलच्या झाडावर जाऊन अंग झाडतो. झाडं लाल होतात. रॉबिनच्या छातीवरचा डाग तेवढा राहतो. राखाडी जे मांस शिजल्यावर आयता येतो. हिवाळाभर अस्वलीण आकाशात उताणी पडलेली दिसते, आणि तिचा जीव गुहेतल्या दुसऱ्या अस्वलात जाऊन पुढच्या वसंताची वाट पाहतो.

कथा गोड आहे, पण तिच्यातली निरीक्षणाची कसोटी जास्त मोलाची. केप ब्रेटनच्या अक्षांशावर सप्तर्षी कधीच मावळत नाहीत, वर्षभर ध्रुवाभोवती फिरत राहतात. भूतपातले तारे मात्र मावळतात. म्हणून तिथे चार शिकारी हरवतात आणि अस्वलीण हरवत नाही. महाराष्ट्रात शरदातल्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, त्यामुळे ही कथा आपल्या आकाशात सांगताच आली नसती. पोटलोटेकच्या लिलियन मार्शल आणि एस्कसोनीच्या मर्डीना मार्शल या जाणत्या बायकांनी केप ब्रेटन विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर ही कथा २०१० मध्ये मुलांच्या पुस्तकात आणली. शाळेतली मुलं ती आता वाचतात आणि रात्री बाहेर जाऊन ताडून बघू शकतात.

मर्डीना मार्शल आणि त्यांचे पती अल्बर्ट मार्शल यांचं नाव आलं की 'एतुआप्तमुंक' यायचंच. एका डोळ्याने आपल्या लोकांच्या ज्ञानाची ताकद बघायची, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानाची, आणि दोन्ही डोळे सगळ्यांच्या भल्यासाठी एकत्र वापरायचे. हा विचार अल्बर्ट मार्शल यांनी २००४ मध्ये मांडला. जीवशास्त्रज्ञ शेरिल बार्टलेट त्यांच्या बरोबर होत्या. आज कॅनडातल्या सरकारी अहवालांत हा शब्द इतका सैल हाताने पेरलेला असतो की त्याचा वीट यावा. पण हे मांडणारा माणूस स्वतः लहानपणी शुबेनॅकडीत डांबला गेलेला होता. त्या शाळेने एक डोळा बंद करायला सांगितला होता. याने मोठेपणी सूड म्हणून दुसरा बंद केला नाही.

मूसच्या बाबतीत हे दोन डोळे प्रत्यक्ष कामाला येतात. मूस हे हरणांच्या कुळातलं सर्वांत थोराड जनावर. नर चारशे किलोंच्या पुढे जातो. सप्टेंबरच्या अखेरीपासून त्यांचा माजाचा काळ. जाणता शिकारी भूर्जाच्या सालीची पुंगी करतो, तिच्यातून मादीसारखा लांबलचक हंबरडा काढतो. मग पुंगीत पाणी भरून तळ्यात धार सोडतो, मादी पाण्यात मुतते आहे असं नराला वाटावं म्हणून. मुलं हे शिकताना हसून लोळतात, आणि ते ठीकच आहे. शिकार झाल्यावर मांस कापणं, वाटणं, कातडं साफ करणं ही गंभीर कामं. पहिली शिकार आपल्याकडे ठेवायची नाही, ज्येष्ठांना आणि गरजूंना वाटून टाकायची, अशी रीत आहे. गरजेपुरतं घ्यावं आणि पुढच्यांसाठी राखावं, या वागणुकीला ते नेतुकुलिम्क म्हणतात.

आता दुसरा डोळा. केप ब्रेटनवरचे आजचे मूस मुळात इथले नव्हेतच. बेटावरचे मूळ मूस संपले होते. १९४७–४८ मध्ये अल्बर्टातून अठरा जनावरं आणून उत्तरेच्या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात सोडली. ती इतकी वाढली की काही भागांत नवं जंगल उगवेना, गवताळ माळ झाला. तेव्हा २०१५ पासून काही वर्षं उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी आणि मिकमाक शिकाऱ्यांनी मिळून उद्यानाच्या एका भागात ठरवून शिकार केली. म्हणजे ज्या लोकांना एकेकाळी शिकार केली म्हणून पकडलं जायचं, त्यांनाच जंगल वाचवण्यासाठी शिकारीला बोलावलं. याच बेटावर वाढणाऱ्या मुलाला परिसंस्थेचा धडा पुस्तकातल्या सिंह-हरणांवरून शिकवायची गरज नाही.

आणि वाम. पानगळीत ब्रा दोरमधली पूर्ण वाढलेली वाम समुद्राकडे निघते, दूर दक्षिणेला सरगॅसो समुद्रात अंडी घालायला. या दिवसांत ती चरबीने भरलेली असते. मिकमाकांनी ती शतकानुशतकं खाल्ली, वाळवली, धुरावली. तिचं ओलं कातडं मुरगळलेल्या पायाला गुंडाळलं की वाळताना आवळत जातं, आपल्या क्रेप बँडेजसारखं. याच माशाने कायद्याचा इतिहास बदलला. ऑगस्ट १९९३ मध्ये डोनाल्ड मार्शल ज्युनिअर यांनी पॉमकेटच्या खाडीत ४६३ पौंड वाम पकडून ७८७ डॉलर १० सेंटना विकली. परवाना नाही, हंगाम नाही, म्हणून खटला. हे गृहस्थ तह दिन सुरू करणाऱ्या ग्रँड चीफचे चिरंजीव. सतराव्या वर्षी न केलेल्या खुनासाठी अडकवले गेले होते आणि अकरा वर्षं तुरुंगात काढून निर्दोष ठरले होते. १७ सप्टेंबर १९९९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १७६०–६१ च्या तहांप्रमाणे मिकमाकांना मासेमारी करून माफक उपजीविका करण्याचा हक्क आहे.

'माफक' म्हणजे किती, ते न्यायालयाने मोजून दिलं नाही. म्हणून भांडण संपलं नाही. २०२० मध्ये निकालाच्या वाढदिवशी, १७ सप्टेंबरला, सिपेकनेकाटिक वस्तीने आपल्या हक्काने शेवंडाची मासेमारी सुरू केली. व्यावसायिक मच्छीमारांचा जमाव उठला, गाडी जाळली गेली, ऑक्टोबरमध्ये शेवंड साठवायचं एक आख्खं गोदाम जळालं. त्या महिन्यात इतिहासाच्या तासाला तह शिकणाऱ्या मुलांना मुद्दाम उदाहरण शोधावं लागलं नसेल. १ ऑक्टोबर २०१५ रोजी प्रांताने सगळ्याच शाळांत तहांचं शिक्षण द्यायचं मान्य केलं आहे. माझ्या मते त्याची गरज मिकमाक मुलांपेक्षा त्या गोदामाबाहेर जमलेल्यांच्या मुलांना जास्त आहे.

राहिली भाषा. ती शेवटी घेतली, कारण तिथे यशाची भाषा चालत नाही. मिकमाक बोलणारे आज आठ-नऊ हजार. एस्कसोनी हा त्यांचा बालेकिल्ला. तरी तिथेही खेळाच्या मैदानावर इंग्रजी वाढते आहे. २००० साली गावात मिकमाक माध्यमाचे वर्ग सुरू झाले, २०१५ मध्ये त्यांना स्वतंत्र इमारत मिळाली. तयार पाठ्यपुस्तकं मिळत नाहीत. शिक्षक ती स्वतः बनवतात, आणि तसे शिक्षकही मोजकेच. पालकांना भीती असते की मुलाचं इंग्रजी कच्चं राहील. ही भीती मराठी पालकांना समजावून सांगायला नको. एका मिकमाक शाळेचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिकमाक माध्यमातली मुलं मिकमाकमध्ये पुढे होतीच, आणि इंग्रजीत इतरांच्या मागे नव्हती. २०१९ मध्ये एस्कसोनीच्या अॅलिसन बर्नार्ड मेमोरियल हायस्कूलमधल्या एमा स्टीव्हन्स या मुलीने बीटल्सचं 'ब्लॅकबर्ड' मिकमाकमध्ये गायलं. खुद्द पॉल मॅकार्टनीने त्याची तारीफ केली, आणि जगाला गावाचं नाव कळलं. छान झालं. पण गाणं लाखो लोकांनी ऐकलं म्हणून भाषा बोलणारी घरं वाढत नाहीत, हे गावातल्या शिक्षकांना माहीत आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी, पुन्हा तह दिनीच, मिकमाक ही नोव्हा स्कोशियाची मूळ भाषा असल्याचं मान्य करणारा कायदा अमलात आला. कायद्याने पाटी मिळते. बालवाडीत मिकमाक बोलणारी बाई मिळायला वेगळे कष्ट पडतात, आणि आजची खरी टंचाई तीच आहे.

वाचकांना दोन विनंत्या. पुढचं वाचताना मिकमाक शाळेत 'संस्कृती जतना'चे देखावे शोधू नका. ढोल, पिसं, नृत्य सगळं आहे, पण मुद्दा तो नाही. आणि आपल्या आश्रमशाळांशी घाईने तुलना करू नका. इतिहास वेगळा आहे, तह वेगळे आहेत, पैशाची वाट वेगळी आहे. तुलना करायचीच असेल तर एकाच प्रश्नावर करा: शाळेचं वेळापत्रक, शिक्षकाची नेमणूक आणि सुट्टीची तारीख कोण ठरवतं? एस्कसोनीत १९९८ पासून ते गाव ठरवतं. बाकीचे फरक त्याच्या मागून आले.